भोगीच्या भाकरीपासून बाजरीच्या वडीपर्यंत
घरच्या घरी सकस खाऊ : साहित्य, कृती, पाकाची पारख आणि विक्रीपूर्वीची काळजी

छत्रपती संभाजीनगर : शाळेच्या डब्यात रंगीत वेष्टनातील पट्टी दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. ‘एनर्जी बार’, ‘ग्रॅनोला बार’, ‘प्रोटीन बार’ या नावांनी मिळणारा हा खाऊ सिडकोतील मोठ्या दुकानांपासून शहागंजातील टपरीपर्यंत पोहोचला आहे. मात्र धान्य, तेलबिया आणि गोड पाक एकत्र थापून त्याच्या वड्या पाडण्याची कल्पना मराठवाड्याला नवी नाही. शेंगदाण्याची चिक्की, तिळाची वडी, राजगिऱ्याचा लाडू हे सारे त्याच कुळातील पदार्थ होत. घरी ते कसे करावेत, त्यातून नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, याची ही माहिती.

जुनीच कल्पना, नवे वेष्टन

मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी करण्याचा प्रघात महाराष्ट्रात सर्वत्र आहे. लातूर आणि धाराशिव भागात वेळ अमावस्येला, म्हणजे येळवसला, बाजरीचे उंडे शेतात नेले जातात. उरलेली भाकरी कुस्करून त्यात गूळ आणि तूप घालून केलेला मलिदा ही तर लहान मुलांची हक्काची न्याहारी. थंडीच्या दिवसांत अंगाला ऊब हवी, शेतातील कामाला ताकद हवी आणि पदार्थ चार दिवस टिकावा, या गरजांमधून हे पदार्थ आले.

अन्यत्रही हेच घडले. लोणावळ्याचे नाव चिक्कीशी जोडले गेले ते रेल्वेमुळे. बोरघाटातील रेल्वेमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला आणि प्रवासात टिकणाऱ्या या खाऊला कायमचे गिऱ्हाईक मिळाले. तमिळनाडूतील कोविलपट्टीच्या शेंगदाणा चिक्कीला, तेथील भाषेत ‘कडलै मिठाई’ला, २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ग्रीसमध्ये तीळ आणि मध यांची ‘पास्तेली’ नावाची वडी प्राचीन काळापासून केली जाते. अमेरिकेतील ‘ग्रॅनोला बार’ १९७०च्या दशकात लोकप्रिय झाला. त्यामानाने तो या कुळातील धाकटाच म्हणावा लागेल.

बाजरीचे गाव

या विषयात छत्रपती संभाजीनगरचे स्वतःचे एक स्थान आहे आणि ते शहरातील अनेकांना ठाऊक नाही. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्प या शहरात पैठण रस्त्यावर आहे. येथील बाजरीच्या संकरित वाणांच्या नावापुढे ‘एएचबी’ ही अक्षरे लागतात. त्यांचा अर्थ ‘औरंगाबाद हायब्रीड बाजरा’ असा आहे. शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले, वाणांच्या नावात मात्र जुने नाव टिकून आहे.

या मालिकेतील ‘एएचबी १२०० एफई’ हे वाण २०१७ मध्ये, तर ‘एएचबी १२६९ एफई’ हे २०१८ मध्ये प्रसारित झाले. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेचे सहकार्य या कामी लाभले. ‘एफई’ ही लोहाची रासायनिक खूण. नेहमीच्या वाणांत किलोमागे ४५ ते ५० मिलिग्रॅम लोह असते. ‘एएचबी १२००’मध्ये ते ७३, तर ‘एएचबी १२६९’मध्ये ९१ मिलिग्रॅम आढळते. दुसऱ्या वाणात जस्ताचे प्रमाणही किलोमागे ४३ मिलिग्रॅम आहे. हे लोह पिठात वरून मिसळलेले नसून दाण्यातच वाढलेले असते. याच पद्धतीने परभणीच्या विद्यापीठाने २०१८ मध्ये ज्वारीचे ‘परभणी शक्ती’ हे वाण दिले.

या संशोधनाला कारणही तसेच आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. म्हणजे दोन स्त्रियांमागे एक आणि तीन बालकांमागे दोन. रक्तक्षयाची कारणे अनेक असली तरी लोहाची कमतरता हे त्यातील प्रमुख कारण मानले जाते.

वाणाच्या नावाची बाजरी किराणा दुकानात मिळतेच असे नाही. तेथे सर्व बाजरी एकत्र विकली जाते. बियाणे पेरणाऱ्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून किंवा शेतकरी गटाकडून वाण विचारून घेतलेली बाजरी हाच त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग. ती न मिळाल्यास साधी बाजरी घ्यावी. तीही गहू-तांदळाच्या तुलनेत लोहाला कमी नाही.

बाजरीची वडी

साहित्य : बाजरीचे ताजे पीठ २०० ग्रॅम, चिरलेला गूळ १७५ ग्रॅम, भाजलेले तीळ ५० ग्रॅम, शेंगदाण्याचे जाडसर कूट ५० ग्रॅम, तूप ४० ग्रॅम, अर्धा चमचा सुंठ, वेलदोड्याची पूड, चिमूटभर मीठ.

कृती : जाड बुडाच्या कढईत निम्मे तूप घालून पीठ मंद आचेवर १२ ते १५ मिनिटे भाजावे. कच्चा वास जाऊन खमंग वास सुटला आणि रंग किंचित गडद झाला की पीठ ताटात काढावे. तीळ, कूट, सुंठ, वेलदोडा आणि मीठ त्यात मिसळावे. कढईत उरलेले तूप, गूळ आणि दोन चमचे पाणी घालून गूळ विरघळू द्यावा. पाकाला फेस येऊन तो दाट झाला की वाटीभर गार पाण्यात एक थेंब टाकून पाहावा. थेंबाची बोटांनी मऊ गोळी वळता आली की आच बंद करावी. लगेच पिठाचे मिश्रण घालून भराभर एकजीव करावे आणि तूप लावलेल्या ताटात वाटीच्या बुडाने थापावे. कोमट असतानाच सुरीने वड्या पाडाव्यात. पूर्ण गार झाल्यावर काढाव्यात.

एवढ्या साहित्यात साधारण २५ ग्रॅमच्या २० वड्या होतात. बाजरीच्या पिठात स्निग्धांश अधिक असल्याने ते लवकर कडवट होते. म्हणून आठवड्यापेक्षा जुने पीठ वापरू नये. शक्य तर बाजरी आधी भाजून मगच दळावी. भाजल्याने पीठ खवट करणाऱ्या विकराचा जोर कमी होतो. हवाबंद डब्यात या वड्या दहा-बारा दिवस चांगल्या राहतात.

शेंगदाण्याची चिक्की

साहित्य : शेंगदाणे २५० ग्रॅम, चिक्कीचा गूळ २०० ग्रॅम, तूप एक चमचा, चिमूटभर खाण्याचा सोडा.

कृती : शेंगदाणे मंद आचेवर भाजून, सोलून, दोन दोन फाकी करून घ्याव्यात. पोळपाट, लाटणे आणि सुरीला आधीच तूप लावून ठेवावे; पाक झाल्यावर वेळ मिळत नाही. कढईत तूप आणि गूळ घालून पाणी न घालता मंद आचेवर विरघळवावा आणि सतत ढवळावे. पाण्यात टाकलेला थेंब कडक झाला, वाटीत आपटल्यास टणकन वाजला आणि दाताला न चिकटता मोडला की पाक तयार झाला. सोडा घालून ढवळावे. पाक फुलून हलका होतो, त्यामुळे चिक्की खुसखुशीत होते. लगेच शेंगदाणे मिसळून, पोळपाटावर ओतून पातळ लाटावे आणि गरम असतानाच कापावे.

राजगिऱ्याची वडी

राजगिरा हे धान्य नसून बी असल्याने ती उपवासालाही चालते. १०० ग्रॅम राजगिरा चांगल्या तापलेल्या कढईत एकेक चमचा टाकून, फडक्याने दाबत फुलवावा. एकदम जास्त टाकल्यास तो फुलण्याऐवजी करपतो. चाळून न फुललेले दाणे काढावेत. १५० ग्रॅम गुळाचा, शेंगदाणा चिक्कीपेक्षा किंचित मऊ पाक करून त्यात लाह्या आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे घालावेत व थापून वड्या पाडाव्यात. दाणे जास्त दाबू नयेत, नाहीतर वडी दगडासारखी होते.

खजुराची वडी

बी काढलेला २५० ग्रॅम मऊ खजूर एक चमचा तुपावर परतून लगदा करावा. त्यात भाजून भरड केलेले १०० ग्रॅम बदाम-शेंगदाणे, ५० ग्रॅम तीळ आणि दोन चमचे भाजलेले जवस घालून थापावे. पाकाची कटकट नसल्याने नवशिक्यांनी येथून सुरुवात करण्यास हरकत नाही. ही वडी शीतकपाटात ठेवावी.

पाकाची पारख

या सर्व पदार्थांचे यश पाकावर अवलंबून असते. पाक उकळत जाईल तसे त्यातील पाणी उडते आणि उष्णतामान वाढते. साखरेचा पाक ११२ ते ११६ अंश सेल्सिअसला मऊ गोळीचा, १२१ ते १२९ अंशांना घट्ट गोळीचा, तर १४६ ते १५४ अंशांना काचेसारखा कडक होतो. गुळात इतर घटक असल्याने तो लवकर करपतो आणि हे आकडे थोडे मागेपुढे होतात. म्हणून उष्णतामापकापेक्षा वाटीतील गार पाणीच अधिक भरवशाचे.

वडी चिकट राहिली तर पाक कच्चा राहिला असे समजावे. ती भुगा होऊन सुटली तर पाक पुढे गेला किंवा पीठ जास्त झाले. कडू लागली तर गूळ करपला. कच्चा राहिलेला पाक पुन्हा गरम करून दुरुस्त करता येतो; करपलेल्याला उपाय नाही.

गुळाची निवडही महत्त्वाची. साध्या गुळाचा पाक चिक्कीसाठी लवकर कडक होत नाही. त्यासाठी बाजारात ‘चिक्कीचा गूळ’ म्हणून वेगळा मिळतो. मऊ वड्यांना मात्र साधा गूळच चांगला. फार पिवळाधमक गूळ घेण्यापेक्षा तांबूस गूळ घ्यावा.

उकळता पाक कातडीला चिकटतो, त्यामुळे पाण्याने भाजण्यापेक्षा त्याचा चटका खोल जातो. मुलांना मदतीला घ्यायचे तर ते सोलणे, चाळणे आणि डबे भरणे एवढ्यापुरतेच.

आवक आणि निवड

तीळ, शेंगदाणे, गूळ यांची घाऊक खरेदी करणारे शहरातील अनेक जण जुन्या मोंढ्याकडे वळतात. शेंगदाणे घेताना स्वस्ताईपेक्षा प्रत पाहावी. सुरकुतलेले, काळपट, हिरवट बुरशी आलेले किंवा कडवट लागणारे दाणे वेचून टाकावेत. ओलाव्यात साठवलेल्या भुईमुगावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. यकृताला अपाय करणारे हे विष भाजल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. कूट करून विकले जाणारे दाणे कसे होते हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कूट घरीच करावे.

वडीत नेमके किती?

‘लोहयुक्त’, ‘शक्तिवर्धक’ हे शब्द घरगुती खाऊच्या पिशव्यांवरही सर्रास छापले जाऊ लागले आहेत. त्यामुळे थोडा हिशेब करून पाहणे आवश्यक ठरते.

वर दिलेल्या कृतीतील एका वडीत सुमारे १० ग्रॅम बाजरी येते. ती ‘एएचबी १२००’ वाणाची असली तरी तिच्यातून ०.७३ मिलिग्रॅम लोह मिळते. तीळ आणि गूळ धरूनही हा आकडा दीड मिलिग्रॅमच्या आसपास राहतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला १५ मिलिग्रॅम, तर प्रौढ स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह हवे. म्हणजे एक वडी मुलाच्या गरजेचा दहावा हिस्सा भागवते. याउलट त्याच बाजरीच्या ७५ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून सुमारे साडेपाच मिलिग्रॅम लोह मिळते, तेही गुळाशिवाय.

याला प्रत्यक्ष अभ्यासाचाही आधार आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील १२ ते १६ वर्षांच्या २४६ शाळकरी मुलांना सहा महिने बाजरीची भाकरी देऊन एक अभ्यास करण्यात आला; तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना लोहयुक्त वाणाची, तर काहींना साध्या वाणाची भाकरी दिली जात होती. लोहयुक्त बाजरी खाणाऱ्या मुलांच्या शरीरातील लोहाचा साठा चार महिन्यांतच अधिक वाढला. ज्यांच्यात सुरुवातीला कमतरता होती, ती मुले सहा महिन्यांत त्यातून बाहेर पडण्याचे प्रमाणही अधिक होते. हा परिणाम रोजच्या जेवणातील भाकरीचा होता, अधूनमधून खाल्लेल्या खाऊचा नव्हे.

धान्यातील लोह शरीरात पूर्णपणे शोषले जात नाही, हेही लक्षात ठेवावे. लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्वामुळे शोषण वाढते. जेवणासोबतच्या चहामुळे ते घटते. वडी द्यायचीच तर चहाबरोबर न देता पेरूच्या फोडीबरोबर द्यावी. रक्तक्षयाचे निदान झालेले असेल तर डॉक्टरांच्या गोळ्यांना खाऊ हा पर्याय नाही.

गूळ म्हणजेही साखरच

‘साखर नाही, गूळ आहे’ हे वाक्य ऐकायला बरे वाटते. गुळात थोडे लोह आणि इतर क्षार असतात हे खरे. पण त्याचा बहुतांश भाग साखरच आहे. बाजरीच्या एका वडीत जवळपास नऊ ग्रॅम, तर तेवढ्याच वजनाच्या शेंगदाणा चिक्कीत सुमारे ११ ग्रॅम गूळ असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केलेल्या शिफारशीनुसार वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी. १,७०० कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी ही मर्यादा सुमारे ४२ ग्रॅम होते. चहा, बिस्किटे, सरबत यांचा हिशेब त्यातच येतो. म्हणून दिवसाला एक, फार तर दोन वड्या पुरेत. खजुराची वडीही गोडच असते; मधुमेही व्यक्तींनी तिला ‘बिनसाखरेची’ समजू नये.

पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा कडक चिक्की देऊ नये. घास श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी कुटाची मऊ वडीच बरी. एक वर्षाखालील बाळाला मध घातलेला कोणताही पदार्थ देऊ नये. शेंगदाणे किंवा तीळ यांची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या बाबतीत शाळेला आधीच कळवावे.

विकतची पट्टी घेताना

घरी करणे नेहमीच जमते असे नाही. विकत घेताना वेष्टनाच्या दर्शनी भागापेक्षा मागचा भाग वाचावा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिण्याचा नियम आहे. पहिल्या दोन-तीन नावांत साखर, ग्लुकोज सिरप किंवा तत्सम पदार्थ असेल तर ती पट्टी म्हणजे धान्य घातलेली गोळीच. ‘श्री अन्न’, ‘मिलेट’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असले तरी बाजरी-नाचणीचे प्रमाण किती टक्के आहे ते पाहावे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केल्यानंतर अशा उत्पादनांची गर्दी वाढली आहे. प्रत्येकात भरड धान्य मुबलक असतेच असे नाही.

विक्री करायची असल्यास

संक्रांत आणि दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील अनेक बचत गट चिक्की, लाडू आणि वड्यांच्या विक्रीत उतरतात. हा व्यवसाय थोड्या भांडवलात सुरू होतो, पण काही गोष्टी आधी समजून घ्याव्यात.

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ मधील असून परवाना व नोंदणीचे नियम २०११ पासून लागू आहेत. घरच्या स्वयंपाकघरातून विक्री करणाऱ्यालाही नोंदणी आवश्यक असते. वेष्टनावर पदार्थाचे नाव, घटक, वजन, उत्पादनाची तारीख, कधीपर्यंत वापरावे आणि नोंदणी क्रमांक असावा. शेंगदाणे, तीळ, दूध अशा ॲलर्जीकारक घटकांचा स्पष्ट उल्लेख करावा. ‘लोहाचा स्रोत’ असा दावा करण्यासाठी ठरवून दिलेले किमान प्रमाण पदार्थात असावे लागते आणि ते प्रयोगशाळेतील तपासणीने दाखवावे लागते. तपासणी केलेली नसेल तर दावा छापू नये.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये सुरू केलेल्या योजनेत कर्जाशी निगडित ३५ टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली होती. अर्ज करण्यापूर्वी योजनेची मुदत आणि अटी कृषी कार्यालयात विचारून घ्याव्यात. ग्रामीण भागातील गटांना ‘उमेद’ अभियानाच्या तालुका कार्यालयातूनही मार्गदर्शन घेता येते.

किंमत ठरवताना बहुतेक गृहिणी एक चूक करतात. गूळ, तीळ, शेंगदाणे, तूप यांचा खर्च मांडला जातो. पण गॅस, वेष्टन, वाहतूक, मोडलेल्या वड्यांची तूट आणि मुख्य म्हणजे स्वतःची मजुरी धरलीच जात नाही. सोलणे, भाजणे, थापणे, कापणे, भरणे यांत किती तास गेले ते एकदा घड्याळ लावून लिहून काढावे आणि त्या तासांची शेतमजुरीच्या दराने तरी किंमत धरावी. तसे न केल्यास डबा रिकामा होतो, पैसे हातात खेळतात, पण वर्षाअखेरीस नफा कोठे गेला हे कळत नाही. पुष्कळदा तो नफा म्हणजे त्या बाईचे न मोजलेले श्रमच असतात.

साठवण

गूळ हवेतील ओलावा ओढून घेतो. पावसाळ्यात चिक्की चिकट होण्याचे कारण हेच. वड्या पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नयेत. थरांमध्ये बटर पेपर घालावा आणि झाकण घट्ट असावे. कोरड्या हवेत शेंगदाणा चिक्की तीन-चार आठवडे टिकते. तुपाची मऊ वडी त्याहून कमी. खवट वास आला की वडी फेकून द्यावी.

आठवड्यातून एकदा केलेला अर्धा किलोचा डबा चार जणांच्या घराला पाच-सहा दिवस पुरतो. त्यातील प्रत्येक जिन्नस आपल्या हाताने निवडलेला असतो, हा त्याचा मोठा फायदा. मात्र मुलाच्या डब्यात वडी ठेवली म्हणून त्याच्या ताटातील भाकरी कमी होऊ देऊ नये. भोगीच्या दिवशी भाकरी आधी आणि तिळगूळ दुसऱ्या दिवशी, हा परंपरेतील क्रम पोषणाच्या हिशेबातही बरोबर बसतो.